गोड सोडल्याचा बोभाटा

मूर्तिजापूर, स्टेशनाजवळची धर्मशाळा,
पौष शुद्ध दशमी, शके १८५७

चि. सौ. कौशल्या हीस,

तुझ्या बाबाचे ओंजळभर आशीर्वाद. तू, जावईबापू आणि आमची चिमुकली कुंदा सुखात असाल. जावईबापूंच्या शाळेची तपासणी झाली का, साहेब काय म्हणाले, ते कळव. कुंदाचा खोकला गेला नसेल तर ओव्याची पुरचुंडी गरम करून छातीला शेक दे. माझी प्रकृती आज उत्तम आहे. 'आज' हा शब्द सहज पडला, त्यात काही शोधत बसू नकोस.

अकोल्याच्या वेशीपर्यंत तू पोचवायला आली होतीस, तेव्हा बंडीच्या तळाशी जेमतेम कापूस होता. आता फळ्यांच्या वर गेला आहे. शालिकराम बंडी हाकता हाकता म्हणतो, "पाटील, बैलायले वाटून राह्यलं का आपन जिनिंगले चाललो. अमरावतीले हे दवाखान्यात शिरतीन का कापसाच्या गठाना बांधाच्या पेचावर जातीन, माह्या भरवसा नाई." त्याचं तोंड आणि बैलांच्या घुंगरमाळा, दोन्ही सारखंच वाजतात. पण सोबतीला बरा आहे. तेल्हाऱ्यातलं आपलं शेजारपण त्यानं रस्त्यावरही सोडलेलं नाही.

लोक चांगले आहेत गं. अमरावतीला बाळंतिणींचा दवाखाना निघतो आहे, खाटा आल्या पण गाद्या नाहीत, बाया तरटावर निजतात, एवढं सांगितलं की पुरे. घरची म्हातारी आत जाते आणि मूठ भरून आणते. एका घरची एक मूठ, हा आपला नियम. म्हणजे माडीवाल्याची आणि झोपडीवाल्याची मूठ सारखीच दिसते. एका बाईनं तर सीतादहीच्या पूजेला शेतातून आणून देवापुढे ठेवलेला पहिल्या वेचणीचा कापूस काढून दिला. म्हणाली, "देवाजवळ राहून काय करते तो? कोन्या लेकराखाली तरी जाईन."

तू नेमून दिलेलं सारं चाललं आहे. इन्शुलिनची बाटली ओल्या फडक्यात, फडकं मडक्यात, मडकं कापसात. सुई रोज उकळतो. सकाळी निळं औषध घालून लघवी तापवून पाहतो. रंग निळा नाहीतर हिरवट राहतो, विटेसारखा एकदाही झाला नाही. चालण्यानं साखर पळते, हे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं सोळा आणे खरं. घराभोवती घाण्याच्या बैलासारखं फिरण्यापेक्षा हे बरं. पाय चालतात आणि गाद्याही भरतात.

निघताना तू माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवून शब्द घेतलास: चक्कर येऊन एकदा जरी पडलात, तर पुढे पाऊल टाकायचं नाही, परत यायचं. तो शब्द मी विसरलेलो नाही. त्याविषयी खाली लिहितो.

आधी गुळाचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

आपल्याकडे पाहुणा दारात आला की आधी गूळपाणी. ही चाल चांगली, पण माझ्यासारख्याची पंचाईत. बोरगावच्या पुढे एका घरी गुळाचा खडा पुढे आला. मी म्हटलं, "मी गोड सोडलं आहे." खरं म्हणजे 'मला गोड चालत नाही' असं म्हणायचं होतं. पण तोंडून 'सोडलं' गेलं, आणि त्या माउलीनं हातच जोडले. तुला ठाऊकच आहे, आपल्या भागात माणूस काही सोडतो ते देवासाठी. काशी करून आलेला वांगं सोडतो, नवस बोललेली बाई भात सोडते. तिनं विचारलं, "गाद्या भरतवरी का, बावा?" मी काही बोलायच्या आत शालिकरामानं मान डोलावली, "त्याहीवर काही दिवस!"

बस. बंडीच्या पुढे बोभाटा धावायला लागला. पुढच्या गावी आम्ही पोचायच्या आधी 'नेमवाले बुवा' पोचलेले. बाया पाया पडायला लागल्या. एका मुठीच्या जागी दोन मुठी येऊ लागल्या. शालिकरामाला मी रागावलो. पण पोरी, तुझ्याशी खोटं बोलत नाही, मी फार रागावलो नाही. बंडी भरत होती. आणि साठी उलटलेल्या माणसाच्या पाया कोणी पडलं तर पाय मागे घ्यायला अंमळ उशीरच होतो.

काटेपूर्णा ओलांडल्यावर हिवरा म्हणून गाव लागतं. तिथले पाटील पंजाबराव. त्यांच्याकडे सकाळचं जेवण ठरलं होतं. "पाटं मांडले, बसाच आता," असं त्यांनी सांगितलं, म्हणून मी आत जाऊन सुई टोचून घेतली. सुईनंतर अर्ध्या तासात भाकर पोटात गेलीच पाहिजे, हे तूच मला घोकून घोकून शिकवलंस. बाहेर येतो तर अंगणात सारं गाव. ढोलकी, टाळ, आणि गावच्या गुरुजींचं भाषण. त्यागावर.

भाषण चांगलं होतं, पण लांब होतं. मला मध्येच 'अहो, भाकर वाढा' म्हणता येईना. ज्यानं देवासाठी गोड सोडलं त्याला भूक लागली कशी म्हणायची? माझंच न केलेलं पुण्य माझ्या मानेवर बसलं होतं. आधी हात थरथरायला लागले. मग घाम. मग गुरुजी एकाचे दोन दिसायला लागले. शालिकराम बैलांना पाणी दाखवायला नदीवर गेलेला. माझ्या शेजारीच, लोकांना वाटायला, गुळाचं ताट ठेवलं होतं. मी हात पुढे केला. "गूळ द्या," म्हटलं.

पंजाबराव उठून उभे राहिले. "पाहून राह्यले ना? बुवा आपली परीक्षा घेऊन राह्यले! कोनी गूळ देऊ नका. इतक्या दिवसाचा नेम आपल्या गावात मोडला तं तोंड कुठी लपवाचं?"

आणि कौशल्या, त्यांनी ताट उचललं गं. भक्तीनं उचललं. मी "द्या" म्हणतो आहे आणि सारं गाव हात जोडून "नाई, नाई" म्हणतं आहे.

मी पडलो.

लिहून झालं एकदाचं. चार पानं झाली तरी हे वाक्य लेखणीच्या टोकाशी येत नव्हतं.

पुढचं मला धड आठवत नाही, लोकांनी सांगितलं ते लिहितो. पंजाबरावांची आई, रुख्मिणीबाई, कंबरेत वाकलेली, चुलीपासून उठून आली. म्हणाली, "मानूस मरून राह्यला ना बे! मेल्यावर नेम कोन पाळीन, तुहा बाप?" मुलानं ताट मागे घेतलं तर त्याच्या हातावर पळी मारली. "लागू दे पाप मले. माहे कितीक दिवस राह्यले?" आणि बाळाला घुटी चाटवावी तसा बोटानं गूळ माझ्या गालात घातला. पुन्हा घातला. पुन्हा.

डोळे उघडले तेव्हा डोकं तिच्या मांडीवर होतं. मला वाटलं, म्हातारी आनंदेल. ती आपले कान धरून रडत होती. "माफ करा बावा, म्या तुमचा नेम मोडला. मी सोळा सोमवार निर्जळी करीन." ऐंशीच्या घरातली बाई, कौशल्या. मला जगवल्याबद्दल उपाशी मरायला निघालेली.

मग मात्र बसल्या जागी सारं सांगितलं. नेम नाही, बाप्पा हो, आजार आहे. रक्तात साखर वाढते, म्हणून सुई टोचून उतरवतो, आणि फार उतरली की दिव्यातलं तेल संपावं तसा माणूस विझायला लागतो. तेव्हा गूळच औषध. बुवा-बिवा मी कोणी नव्हे, तेल्हाऱ्याचा किसनराव, सरकीच्या पोत्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलेला. ज्यांनी नेमाला भुलून कापूस दिला त्यांनी परत न्यावा.

गुरुजी जमिनीकडे पाहायला लागले. मला वाटलं, आता बंडी रिकामी होते. मग पंजाबराव डोकं खाजवत म्हणाले, "म्हंजे आमी भक्ती करू करू तुमाले मारूनच टाकत होतो!" आणि असा हशा उठला की नदीवरून परतलेले बैल बिचकले. गोवर्धन म्हणून एक किडकिडीत गृहस्थ तेवढे पुढे आले. "म्या दोन मुठी देल्ल्या होत्या. एक बाळंतिनीची, एक तुमच्या नेमाची. नेमाची वापस द्या." दिली. हिशेब चोख होता त्यांचा.

रुख्मिणीबाईंनी डोळे पुसले, सोमवार सोडले, आणि लगेच मला धरलं. "आजार होता तं सांगाले काय लाज वाटे तुमाले? चोरी केली होती का? घरी कोन हाय?" म्हटलं, लेक आहे अकोल्याला, तिनंच सुई भरायला शिकवली. "मंग पयले तिले सांगजा. माह्याजवळ कावून सांगून राह्यले?"

म्हणून हे पत्र.

पडल्यापासून मी पुढे पाऊल टाकलेलं नाही. मूर्तिजापूरपर्यंत बंडीत, कापसावर बसून आलो. ही पळवाट आहे, मला कळतं. पण इथे डॉक्टर आहेत, त्यांनी तपासलं, आणि तुझ्याकडे यायची गाडीही इथूनच. डॉक्टर म्हणतात, चाला, पण सुई टोचायची ती ताट समोर आल्यावरच, आणि खिशात गूळ हवाच. खिशात गूळ ठेवायला तूही सांगितलं होतंस. गोड सोडलेल्या बुवाच्या खिशात गूळ सापडला तर कसं दिसेल, म्हणून मी बोरगावनंतर तो काढून टाकला होता. याबद्दल तू जे बोलशील ते ऐकून घेईन.

शालिकराम म्हणतो, "आपुन अमरावतीले जाऊ, अन् मंग लिहा, सुखरूप पोचलो. खोटं थोडीच हाय ते?" दोन दिवस मीही त्याच विचारात होतो. पण हिवऱ्याचे लोक वाईट होते का? जीव लावणारे होते. माझं खरं त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी ताट उचललं. तुलाही मी अर्धंच खरं सांगितलं, तर उद्या वेळ आल्यावर तूही उलटंच काही करून बसशील, आणि दोष माझा असेल.

काल इथल्या बाजारात कापूस मागायला शालिकराम एकटाच गेला, मी समोर धर्मशाळेच्या ओट्यावर बसून ऐकत होतो. तो बंडीवर उभा राहून माझ्याकडे बोट दाखवत ओरडतो, "ह्या मानसाले साखरेचा आजार हाय! गूळपानी आनू नका! पन आडवा झाला तं आधी गूळ, मंग गोष्टी!" लोक हसतात, जवळ येतात, विचारतात. एकीनं हळूच सांगितलं, तिच्या नवऱ्याच्या लघवीला मुंग्या लागतात, काय करावं. तिला डॉक्टरांचं घर दाखवलं. मुठी एकेकच येतात आता. मला त्याच बऱ्या वाटतात.

मन हलकं आहे, पोरी. अमरावती मला पायीच गाठायची आहे, हे लपवत नाही. पण शब्द तुझ्या डोक्यावर हात ठेवून दिला आहे, तो माझ्या हौसेपेक्षा वजनदार. 'परत या' लिहिलंस, तर त्याच दिवशी अकोल्याच्या गाडीत बसेन, बंडी शालिकराम नेईल, आणि तुझ्या दारात तोंड आंबट करून येणार नाही. 'जा' लिहिलंस, तर ते भीतीनं नको, माझं मन राखायलाही नको. सारं लक्षात घेऊन लिही, कारण आता तुला सारं ठाऊक आहे.

जावईबापूंना नमस्कार. कुंदाला माझ्यातर्फे गुळाचा एक खडा.

तुझ्या उत्तरापर्यंत जोडे काढून बसलेला,
तुझा बाबा,
किसनराव