दोष माशीचाच आहे

३ मार्च १९९१, रविवार
आजपासून रोजनिशी. चुका लिहून काढल्या की त्या पुन्हा होत नाहीत, असं नेमबाजीच्या मासिकात वाचलं. ही वही फक्त माझ्यासाठी. वर 'कुलपं – जुनी' असं लिहिलंय, म्हणजे मार्लीन ती उघडायच्या फंदात पडणार नाही. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या दुकानातल्या एकाही कुलपाची चौकशी केलेली नाही.

खडीच्या जुन्या खाणीत क्लबची यंदाची पहिली मॅच. बावीस जणांत नववा. आजच्या चुका: एकही नाही. वारा होता.

ध्येय: १४ सप्टेंबर, राज्याची मॅच. तिथले पहिले चार राज्याच्या टीममध्ये जातात. सलग बारा वर्षं मी त्या चारांत आहे. तेराव्या वर्षीही असणार. लिहून ठेवलं, प्रश्न मिटला.

४ मार्च
काल-परवा केलेली किल्ली लागत नाही म्हणून एक बाई परत आल्या. आठवड्यातलं तिसरं गिऱ्हाईक. हल्ली कुलपंच धड बनत नाहीत.

७ एप्रिल, रविवार
चौदावा. पण कारण सापडलं.

माशी. पिस्तुलाच्या नळीच्या टोकावरची, नेम धरायची खुंटी. निशाण धूसर दिसलं तरी चालेल, नजर माशीवर ठेवा, हे मी निम्म्या मिझुरी राज्याला शिकवलंय. माझ्या पिस्तुलाची माशी झिजली आहे. कडाच राहिल्या नाहीत, नुसता लोकरीचा गोळा. पोलाद झिजतं, त्याला मी काय करणार?

वेंडेल नवं पिस्तूल घेऊन आला. शहात्तर सालापासूनचा दोस्त, आणि काय ही अवस्था! नळीच्या पुढे भोकं पाडलेलं बोंडलं. त्यातून वायू वर सुटतो, म्हणून गोळी झाडली तरी नळी उसळत नाही. डोक्यावर एक नळकांडी, तिच्या काचेत लाल ठिपका. ठिपका जिथे, गोळी तिथे. माशीची भानगडच नाही. होल्स्टर म्हणजे कमरेला लावलेला चिमटा, पिस्तुलाला कसंबसं ट्रिगरच्या कडीने धरून ठेवणारा. मी म्हणालो, वेंडेल, याला चाकं बसव, अंगणातलं गवत कापता येईल. तो म्हणाला, हसून घे लेका, पण तुझं पिस्तूल मागायला म्युझियमवाले निघालेत. सगळे हसले. नडीनसुद्धा. शाळेची बस चालवते ती. तिला पिस्तूल धरायला मी शिकवलं. अजून मला मास्तर म्हणते आणि हसते.

शहात्तर साली सगळ्यांकडे एकच चीज होती. लष्करी पंचेचाळीस बोअरचं पिस्तूल, सात गोळ्या, चामड्याचं होल्स्टर. सुरुवातीला शिट्टी, वेळ मोजायला स्टॉपवॉच. तेव्हा माणूस जिंकायचा, आता सामान जिंकतं.

ठराव: मरेन पण ठिपका लावणार नाही.

१४ एप्रिल
माशीला पांढरा रंग दिला.

१६ एप्रिल
नारिंगी.

१९ एप्रिल
मार्लीनचं नेलपॉलिश. लालभडक. आता कसं झळकतंय! मार्लीन म्हणाली, लॉयड, माझी नेलपॉलिशची बाटली कुठे पाहिलीस का? मी म्हणालो, नाही बुवा. खरं म्हणजे खोटं बोललो नाही. बाटलीवर काय लिहिलंय ते मला कुठे वाचता आलं होतं? अक्षरं फारच बारीक छापतात.

५ मे, रविवार
सतरावा. नेलपॉलिश हलक्या प्रतीचं निघालं.

२१ मे
वाढदिवस. सत्तावन्न. मार्लीनने पीचच्या सारणाचा गोड पाय भाजला.

गाडीच्या लायसन्सच्या ऑफिसात गेलो. डोळे तपासायचा तक्ता असतो, त्यातलं एकही अक्षर ओळखीचं वाटेना. रांगेत पुढच्या चौघांनी मोठ्याने वाचलं ते ऐकून पाठ केलं आणि धडाधड म्हणून दाखवलं. बाई म्हणाली, शाब्बास! स्मरणशक्ती अजून तल्लख आहे, हे सिद्ध झालं.

बाबांची नजर सत्तावन्नाव्या वर्षीच गेली. शेवटी शेवटी ते दुकानात बोटांनी चाचपून किल्ल्या करायचे. मग व्हरांड्यातली खुर्ची, आणि कोण आलं, कोण गेलं ते पावलांवरून ओळखायचे. याचा इथे काही संबंध नाही. का लिहिलं कोण जाणे.

२ जून, रविवार
एकोणिसावा. नडीन पाचवी. तिनेही ठिपकेवालं पिस्तूल घेतलंय.

एका पोलादी प्लेटवर मी पाच गोळ्या झाडल्या. प्लेट जागची हलली नाही. ती घट्ट बसवली होती असं मी पंचांना सांगितलं. त्यांनी करंगळीने ढकलली. पडली.

नंतर नडीन बाजूला घेऊन म्हणाली, मास्तर, रागावू नका, पण एकदा डोळे दाखवून घ्या ना. मी म्हणालो, माझी नजर घारीची आहे. तिथून तडक निघालो आणि व्हॅनला किल्ली लावत बसलो. लागेना. व्हॅन दुसऱ्याची होती. रंग साधारण एकच आहे. (त्याची पांढरी, माझी निळी.)

घरी गॅरेजमध्ये बसून राहिलो. आज भीती वाटली. खूप वाटली. टीममधून गेलो तर मी कोण उरतो? किल्लीवाला. आणि किल्ल्याही लागत नाहीत.

९ जून
शेजारच्या गावात फेरिसकडे गेलो. तो पिस्तुलं बांधतो. घ्यायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं, तंत्रज्ञानाचा अभ्यास म्हणून. त्याने एक ठिपकेवालं हातात दिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखलं.

लाल ठिपका. लख्ख. नीट गोल, कडा असलेला. तीन वर्षांत इतकी स्पष्ट गोष्ट पाहिली नव्हती.

म्हणजे, पिस्तुलांच्या बाबतीत.

फेरिसला बऱ्याच दिवसांपासून मासे पकडायला बोट हवी आहे.

१० जून
बोट फेरिसकडे पोचवली, पिस्तूल घेऊन आलो. बोट मार्लीनच्या भावाने आम्हाला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दिलेली. मार्लीनला सांगितलं, तळाला भेग पडलीय, दुरुस्तीला टाकली. ती म्हणाली, बरं.

ठराव: टीममध्ये निवड झाली की सगळं सांगून टाकायचं. त्या आनंदात खपून जाईल.

मागच्या ठिपक्याच्या ठरावाबद्दल: तो एप्रिलमधला होता. परिस्थिती बदलते.

७ जुलै, रविवार
दहावा! वेंडेलने मला ठिपक्यासकट पाहून टोपी काढली आणि म्युझियमसाठी दोन मिनिटं शांतता पाळली. पाळू दे.

एकच कटकट, बॅटरी. बटणाएवढी असते, सकाळी चालू ठेवली तर दुपारी ठिपका मावळतो. म्हणून प्रत्येक स्टेज, म्हणजे मॅचमधली एकेक फेरी, संपली की मी स्विच बंद करतो आणि पुढच्या वेळी पिस्तूल भरताना चालू करतो. नडीन म्हणाली, मास्तर, भरताना तोंडाने म्हणत जा, 'दिवा'. मी तसंच करते, विसरायला होत नाही. मी म्हणालो, बाई गं, तीस वर्षं लोकांच्या दारांची जबाबदारी घेतोय मी. स्विच विसरेन?

मार्लीनने विचारलं, बोट झाली का? म्हणालो, पुढच्या आठवड्यात.

४ ऑगस्ट, रविवार
चौथा!!

धावत जाऊन लाकडी चौकटीच्या खोट्या खिडकीतून मारलेली सगळी निशाणं बरोबर मध्यभागी. वेंडेलने पाठीवर थाप मारली, म्हणाला, अरे म्हातारा जिवंत आहे! मला भरून आलं. टीम पुन्हा हातात आली आहे. सामानाचाच प्रश्न होता, मी पहिल्यापासून म्हणत होतो.

मार्लीन: बोट? मी: भेग मोठी निघाली. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. चेहरा नीट दिसला नाही. उजेड तिच्या मागून येत होता.

८ सप्टेंबर
मासिकात उत्तम लेख. निर्णायक क्षणी पिस्तूल भरल्यावर तीन खोल श्वास घ्यायचे. मन तळ्यासारखं शांत होतं. पण हे एरवी वापरायचं नाही, त्या एका क्षणासाठी राखून ठेवायचं. ठेवतो.

१४ सप्टेंबर, शनिवार
सकाळी ७.२०. मार्लीनची मऊ, गरम बिस्किटं आणि ग्रेव्ही खाल्ली. मार्लीनही आली आहे, निशाणांच्या पट्ट्या लावायला मदत करते म्हणाली. हात शांत. ऊन छान.

११.४०. पाच स्टेज झाल्या. तिसरा!

दुपारी २.१०. सात झाल्या. चौथा. पाचवी नडीन, थोड्याच गुणांनी मागे. एकच स्टेज उरली. श्वासांची वेळ आली आहे. मार्लीनला आज संध्याकाळी बोटीचं सांगणार.

१५ सप्टेंबर, रविवार, सकाळी
चुका लिहून काढायच्या असं ठरलं होतं. काढतो.

आमच्यात आधीच्या माणसाने पाडलेली भोकं बाकीच्यांनी मिळून बुजवायची असतात. सगळे पट्ट्या चिकटवून मागे येऊन उभे राहिले. मार्लीनच्या हातात रीळ होतं. पंच म्हणाले, भरा, तयार व्हा. मी पिस्तूल भरलं. तीन श्वास घेतले. फार छान घेतले, पोटापर्यंत. पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवलं. पंच म्हणाले, स्टँड बाय. बीप वाजली.

पिस्तूल वर आणलं. काचेत ठिपका नव्हता.

वर पाहिलं, खाली पाहिलं. मनगट वाकवलं. एक डोळा मिटला, मग दुसरा. काही नाही. ठिपका गेला म्हणजे नजर गेली, याशिवाय डोक्यात दुसरं काही आलंच नाही. सत्तावन्न. बाबांचंच वय. ती व्हरांड्यातली खुर्ची मात्र स्वच्छ दिसली.

मी ओरडलो, मला दिसत नाहीये! पंच ओरडले, थांबा! नळी समोरच राहू द्या, पिस्तूल रिकामं करा. केलं. बोटांनी चाचपून, बाबांसारखं. आणि मग माझं तोंड जे सुटलं ते थांबेना. म्हणालो, तीन वर्षं मला माशी दिसत नाही. तीन वर्षं मी अंदाजाने मारतोय. लायसन्सच्या ऑफिसातला तक्ता मी पाठ केला. किल्ल्याही अंदाजाने कापतो, तुम्हा सगळ्यांच्या घराच्या, कुलपांचा काही दोष नाही. मार्लीन, नेलपॉलिश मी घेतलं. बोटीला भेग नाही, बोट मी दिली, या पिस्तुलासाठी दिली. आता मला कोणीतरी हाताला धरून घरी न्या.

पंचांनी रिकामं पिस्तूल घेतलं. नळकांडीवरचा स्विच अंगठ्याने फिरवला आणि म्हणाले, आता बघा बरं.

लाल ठिपका. लख्ख.

कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. वेंडेलने टोपी काढून तिच्या आत बराच वेळ काहीतरी शोधलं. टायमरवर माझी वेळच नव्हती, कारण गोळीच सुटली नव्हती. पुन्हा संधी मिळते का, असं मी विचारलं. पंच म्हणाले, भाऊ, दिवा बंद राहिला तर ती ज्याची त्याची चूक, नियमच आहे. आठव्या स्टेजचं शून्य.

मार्लीन जवळ आली. म्हणाली, बोट फेरिसच्या अंगणात आहे ते मला जूनपासून ठाऊक आहे. बहिणीकडे जायचा रस्ता तिथूनच जातो ना रे. भेग शोधायला एकदा उतरलेसुद्धा. दर वेळी विचारायचे ते एवढ्यासाठीच, की आज तरी सांगशील. मग तिने हात पुढे केला. मी व्हॅनची किल्ली काढून दिली. ती तरी बरोबर लागते.

अकरावा. चौथी नडीन. ती डोळे पुसत म्हणाली, मास्तर, मला असं नको होतं. मी म्हणालो, वेडी आहेस, दिवा म्हणायला तूच सांगितलं होतंस. टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवायचा प्रयत्न केला.

१७ सप्टेंबर
डॉक्टर. बाबांना काचबिंदू होता. मला तो नाही. डॉक्टर म्हणाले, वयाशिवाय तुमच्या डोळ्यांत काहीही नाही, तीन वर्षांपूर्वी आला असतात तर दहा मिनिटांचं काम होतं. लांबचा नंबर, जवळचा नंबर, शिवाय मला हात पुढे करायला लावून टेपने अंतर मोजलं आणि खास माशीसाठी वेगळा चष्मा लिहून दिला.

परत येताना व्हॅनमध्ये रडलो. मार्लीनने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

२८ सप्टेंबर
चष्मे आले. आतापर्यंत एकतीस किल्ल्या फुकट करून दिल्या. कुलपं उत्तम आहेत.

फेरिसला दया आली. ठिपकेवालं पिस्तूल परत घेऊन त्याने बोट दिली. तळाला आता खरोखरच भेग आहे.

६ ऑक्टोबर, रविवार
खाणीत गेलो. मॅच नव्हती. मार्लीनने गाडी चालवली आणि घडीची खुर्ची टाकून मागे बसली. जुनं पंचेचाळीस, चामड्याचं होल्स्टर. माशीवरचं नेलपॉलिश, नारिंगी आणि पांढरा रंग, सगळं कालच खरवडून काढलं. डोळ्यांवर माशीचा चष्मा. आता काही म्हणता काही अडचण उरली नाही. पुढच्या वर्षी टीम नक्की.

पिस्तूल वर आणलं. माशी दिसली. चारी कडा, कोपरे, पोलादावरच्या बारीक रेघासुद्धा. जराही झिजलेली नाही. इतकी स्पष्ट दिसली की ती केवढी हलते तेही दिसलं.

श्वास रोखून पाहिला. दोन्ही हातांनी घट्ट धरून पाहिलं. माशी नळीला पक्की आहे, तेही पाहिलं. शेजारच्या पिंपावर मनगट टेकवून पाहिलं. हलतेच.

मागून मार्लीनने विचारलं, दिसतंय का रे नीट? मी म्हणालो, हो, सगळं दिसतंय.