झुडपात बसलेल्यांचे हार्दिक स्वागत

ठाकुर्ली,
आषाढातला मंगळवार

आदरणीय चांगदेवदादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा पंढरी दोन्ही हात जोडून, आणि यावेळी मान जरा जास्तच खाली घालून, नमस्कार करतो. तुमचा गुडघा आता कसा आहे? कलावतीवहिनींची साखर आटोक्यात आहे ना? अंगणातल्या कोंबड्या खुशाल असतील. (कोंबड्यांची चौकशी मी मनापासून करतोय, त्यामागे काही नाही. म्हणजे आहे, पण ते पुढे येईल.) शेवंती तुमच्याकडे आलीच आहे, तेव्हा तिची खुशाली तुम्हीच मला कळवायची. इथे मी बरा आहे. भात करपतो, पण खालचा. वरचा खाता येतो.

फोन करणार होतो, केलाही, पण तुम्ही तो उचलत नाही, आणि व्हॉट्सॲपवर नुसत्या निळ्या खुणा उमटतात. पाकीट मात्र तुम्ही फोडल्याशिवाय ठेवत नाही (लाइटबिलसुद्धा तुम्ही गेटातच उभ्या उभ्या फोडता), म्हणून हे पत्र. शेवंतीने तिच्या बाजूने सगळं सांगितलं असेलच. आता माझ्या बाजूने, म्हणजे जसं झालं तसं, सांगतो.

माझी माईकची आवड तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या पट्ट्यातल्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांना ऐन हंगामात माझ्या आवाजाशिवाय टॉस उडत नसे. पण मैदानंच संपली हो. जिथे लाँग ऑन होता तिथे आता क्लबहाऊस आहे आणि खेळपट्टीवर कोणाची तरी मोटार उभी असते. (त्यातलं एक मैदान मीच विकलं, हे तुम्ही दर लग्नात काढता, म्हणून आधीच लिहून टाकतो.) गेल्या हंगामात मला एकाही गावाने बोलावलं नाही. पैशाचं दुःख नाही, पण दादा, बोलायची सवय असलेल्या माणसाला कोणी बोल म्हणेना झालं की तो वॉशिंग मशीन दुरुस्तीला आलेल्या माणसाला चहा पाजून थांबवून घेतो. माझं तसं झालं होतं. मला माईक हवा होता, कुठलाही.

अशात आमच्या शेजारच्या प्रीतमने माझी एक जुनी क्लिप माजिवड्याच्या एका कंपनीला पाठवली. ही कंपनी पोरांच्या मोबाईल गेमच्या स्पर्धा भरवते. हसू नका, त्याला बक्षिसं असतात, जर्सी असते, कोच असतो, आणि हजारो पोरं घरी बसून ते बघत असतात. आणि बघणाऱ्यांना काय चाललंय ते सांगायला समालोचक लागतो, त्याला तिथे कास्टर म्हणतात. यंदा त्यांना अंतिम सामना मराठीतून दाखवायचा होता, म्हणून मराठी कास्टरांची निवड होती. निवड जोडीचीच. एकाने काय होतंय ते सांगायचं, दुसऱ्याने ते का होतंय ते. माझा जोडीदार म्हणून क्रिकेटमधला काळुराम ठरला होता. पण आदल्या दिवशी साखरपुड्यात आइस्क्रीम खाऊन त्याचा घसा असा बसला की फोनवर तो आहे की नुसती खरखर आहे ते कळेना. मी एकटाच निघालो. शेवंतीला जांभळी नाक्याला डबे-बरण्या घ्यायच्या होत्या, म्हणून ती सोबत आली. तिचा संबंध एवढाच.

निवड करणारा नयन नावाचा मुलगा. डोक्यावर केसांचा बुचडा, पण वागायला नम्र. आमच्या आधी आलेल्यांत एक जोडी इतक्या वेगाने बोलत होती की सामना संपायच्या आत त्यांचं बोलून संपलं, मग दोघे पाणी पीत बसले. एक बाई बातम्या देतात तशा, तीन ठार, सविस्तर वृत्त थोड्याच वेळात, असं सांगत होत्या, आणि ते ऐकून बाहेर बसलेली एक आई घाबरून आत आली. कृतिका नावाच्या मुलीला खेळातलं सगळं कळत होतं, पण ऐन गोळीबारात ती स्वतःच श्वास रोखून गप्प बसायची. नयन प्रत्येकाला सुंदर, कळवतो, म्हणत होता. ते सुंदर कसं असतं ते मी मुली बघायला जायचो तेव्हापासून ओळखतो. (तुमच्याकडे मात्र मी पहिल्या फटक्यात होकार दिला होता, लक्षात असू द्या.)

मग माझा नंबर. खेळ असा की दोन संघ एका बेटावर उतरतात, घरांत नाहीतर झाडीत लपतात, आणि एकमेकांना टिपतात. लपण्याला त्यात फार महत्त्व. खेळणारी मुलं त्याच हॉलमध्ये समोर मोबाईल घेऊन बसलेली. खऱ्या सामन्यात ती कानांवर मोठे हेडफोन चढवतात, बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून. पण ही नुसती चाचणी, त्यामुळे कान उघडे, आणि माझा आवाज हॉलच्या स्पीकरवर. आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष?

मी आपल्या रीतीने सुरुवात केली. आयोजकांचे आभार मानले, हजर असलेल्यांचं स्वागत केलं, नसलेल्यांची वाट पाहत आहोत म्हणून सांगितलं. आपल्या मैदानावर कोणी नवीन माणूस दिसला की माईकवरून त्याचं नाव घेऊन स्वागत करायचंच, नाहीतर तो पुढच्या निवडणुकीपर्यंत बोलत नाही. इथे स्क्रीनवर कोपऱ्यातल्या झुडपात कोणीतरी बसलेलं दिसलं, डोक्यावर नाव अक्षदा. बिचारी खेळ सुरू झाल्यापासून एकटीच बसलेली, कोणी दखल घेईना. मी म्हणालो, विहिरीच्या डाव्या हाताला झुडपात विराजमान झालेल्या कुमारी अक्षदा यांचं मंडळातर्फे हार्दिक स्वागत, त्यांनी पुढे येऊन आसनस्थ व्हावं. पुढे यायची वेळच आली नाही. समोरच्या संघाच्या चौघांनी त्या झुडपाची चाळण केली.

ती मुलगी मोबाईल ठेवून उठली आणि माझ्या टेबलापाशी आली. "काका, तुम्ही नेमके कोणाच्या टीममध्ये आहात?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं हो. मला वाईट वाटलं, आणि समालोचकाने दोन्ही संघांना समान वागवावं हे माझं आयुष्यभराचं धोरण, म्हणून मी लगेच समोरच्या संघाचा गोदामाच्या माळ्यावर बसलेला नेमबाजही जाहीर केला. तो गेला. मग त्यांनी आरडाओरडा केला, म्हणून या बाजूचा पुलाखालचा सांगितला. अशी समानता चालू राहिली. शेवटी उरलेली मुलं एकेका भिंतीमागे बसली आणि खेळायचं सोडून माझं ऐकू लागली. बेटावर चिटपाखरू हलेना. क्रिकेटमध्ये इतकं लक्ष देऊन मला कोणी ऐकलं नव्हतं, हेही इथे नमूद करतो.

सामना रेंगाळला की आपण काय करतो? बक्षीस जाहीर करतो. पुढच्या षटकारावर अमुक यांच्याकडून तमुक. ते अमुक बहुतेक वेळा घरी झोपलेले असतात आणि नंतर कुरकुरत का होईना देतात. माझ्या तोंडी सवयीने जे पहिलं नाव आलं ते तुमचं आलं. (याचा तुम्हाला खरं तर अभिमान वाटायला हवा.) पुढचा गडी टिपणाऱ्यास आंबिवलीचे दानशूर व्यक्तिमत्त्व चांगदेवदादा यांच्यातर्फे एक गावठी कोंबडा!

इथे शेवंती उठली. तोवर ती मागे बरण्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती सरळ आली, काळुरामच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि समोरचा माईक स्वतःकडे ओढला.

"कोंबरा-बिंबरा काय नाय मिलाचा. वैनीनं तो गटारीला ठेवलाय. आन तुमी गप बसा जरा. ती पोर जीव मुठीन घेऊन लपलेली, आन तुमी तिचा सत्कार कनाला करताव?"

हॉलमध्ये असा हशा पिकला की भिंतीमागची पोरंही बाहेर आली आणि गोळीबार पुन्हा सुरू झाला. मी म्हणालो, श्रोतेहो, ही घरगुती बाब आहे. ती म्हणाली, श्रोत्यांना पण घर आहे. आणि मग दादा, ती थांबेचना. अमका पळतोय असं मी सांगायचं, आणि तो का पळतोय ते ती. त्याच्या मागे कोणी नाही, हा उगाच घाबरट आहे, शाळेत पण असाच असणार. तो दुसरा लोकांच्या घरात चपला घालून शिरला, औषधं उचलली, कपाट उघडंच टाकलं, याला घरी कोणी वळण लावलं नाही. तिने जे सांगितलं ते पुढच्या क्षणी व्हायचं. कोण कुठून येणार हे तिला कसं कळत होतं देव जाणे. मी विचारलं तर म्हणाली की दिवसभर गॅलरीत उभी राहून ती हेच बघते.

ही चाचणी कंपनी नेटवर थेट दाखवत होती, हे आम्हाला नंतर कळलं. व्हिडिओखाली पोरं लिहीत होती, काकीला बोलू द्या. नयन हसून हसून खुर्चीवरून घसरला, आणि उठल्यावर त्याने सुंदर, कळवतो, म्हटलं नाही. म्हणाला, जोडी फायनल. अंतिम सामना या रविवारी आहे.

तर असं सगळं मंगल झालं. मी त्यांना विचार करून सांगतो म्हणालो, कारण आपणही लगेच हो म्हणणाऱ्यातले नाही. शेवंती चार दिवस माहेरपणाला आली आहे तर तिला आराम करू द्यावा. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा, त्यावर नुसतं बोलून तो बरा होत नाही.

आपला नम्र,
पंढरी

ता. क. आराम करू द्यावा हे मी रीत म्हणून लिहिलं. तिला शनिवारपर्यंत पाठवा. ती माहेरपणाला आलेली नाही, रागावून आली आहे, हे तुम्हाला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत आहे हे मलाही माहीत आहे.

ता. क. २. ती का रागावली हे तिने सांगितलं नसेल तर मीच सांगतो. माजिवड्याहून रिक्षात बसल्यावर मी तिला म्हणालो, तू मध्ये मध्ये बोलली नसतीस तर मी एकटाच निवडला गेलो असतो.  घरी येऊन तिने बरण्या मांडून ठेवल्या आणि तुमच्याकडे निघाली. त्या बरण्यांत अजून मी काही भरलेलं नाही. घरात टीव्ही लावतो, पण टीव्ही मध्ये मध्ये बोलत नाही.

ता. क. ३. कोंबडा मात्र द्यावा लागेल. रद्द केल्याचं शेवंतीने सांगितलं तरी मुलांनी तुमचा पत्ता मागितला, मी दिला. अक्षदाही सोबत येईल. तिला जरा प्रेमाने वागवा, तिचा अजून माझ्यावर राग आहे.

ता. क. ४. पाकीट चिकटवता चिकटवता नयनचा फोन आला. म्हणाला, काका, काळजी करू नका, तुम्हाला जमत नसेल तर काकी एकट्या आल्या तरी चालेल. मी विचारलं, आणि मी एकटा आलो तर? तो म्हणाला, सुंदर, कळवतो. दादा, तुमच्या पाया पडतो, हे शेवंतीला सांगू नका. तिला एवढंच सांगा की पंढरीशिवाय त्यांचं अडलंय.