राखेच्या गुणाचं

प्रिय दादा,

काल तुझ्या मरणानंतरचं पुण्यानुमोदन झालं. शब्द उलगडून सांगण्यात तुझा हात कुणी धरणार नाही, असं जो तो म्हणत होता. मीही मान डोलावली. पण जेवणं आटोपल्यावर वहिनी जे बोलली, ते ऐकून तुला लिहिल्याशिवाय राहवेना.

चिंचवडच्या त्या कारखान्यात तू केमिस्ट, आणि मला पार्ट धुवायच्या टाकीवर तूच लावलंस. पिंपावर ‘अल्कलाइन’ लिहिलेलं. म्हणजे काय रे, मी विचारलं.

“अरब लोक खाऱ्या जमिनीतली झुडपं जाळायचे. त्या राखेला म्हणायचे अल-कली. अल्कलाइन म्हणजे राखेच्या गुणाचं,” तू म्हणालास. “आई जन्मभर राखेनं भांडी घासती. तिच्या हातांना काय झालं का?”

किती गोड सांगायचास! हातमोजे नव्हते आणि मला ते मागावेसेही वाटले नाहीत. टाकीत हात घातला की बोटं बुळबुळीत व्हायची. मला वाटायचं, पाण्यात साबण आहे. साबणच होता, दादा, माझ्या कातडीचा झालेला. हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बोटांची सालं निघत होती.

तू खोबरेल लावून दिलंस. “इतकं कडक असंल हे मला कुठं ठाऊक,” म्हणालास. मी ते खरं धरलं. आईनं तुला दोष दिला तेव्हा तुझ्या बाजूनं तिच्याशी भांडले.

आणि काल वहिनी सहज म्हणाली, “त्या कामाला आधी मीच जाणार होते. हे म्हणाले, नको, त्या पाण्यानं कातडं जातं.”

म्हणजे तुला ठाऊक होतं. बायकोचे हात जपलेस, त्याचं मला काही नाही. पण माझे कुणाचे होते रे? साहेबांना माणूस हवा होता, म्हणून बहीण दिलीस? उत्तर न देताच गेलास, याचा राग सगळ्यात जास्त आहे.

तुझी राख सावडायला मी आले होते. अजून कोमट होती. माझ्या चिरलेल्या बोटांना ती जरासुद्धा झोंबली नाही.

तुझ्या छायाच्या विज्ञानाच्या पुस्तकात तोच ‘अल्कलाइन’ शब्द आलाय. “बाबांनी सांगितलं असतं,” म्हणून ती रडत होती. मी सांगेन तिला. ती झुडपं, ते अरब, ती राख, सगळं तुझ्या नावानं, तुझ्याइतकंच गोड करून. आणि मग माझे दोन्ही हात तिच्यापुढे उघडेन.

तुझीच,
कमल