पिल्लांवरची मरळ

२९ ऑगस्ट, शुक्रवार

बाने आजही ताट सरकवलं! दोन घास भात, तोही मी रागावल्यावर. दवाखान्यातून घरी आणून अठरा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले होते – अंगात काही गेलं नाही तर पुन्हा भरती करा, आणि या वेळेस खात्री देत नाही.

पेणच्या कारखान्यात गणपती होईपर्यंत मालक सोडायला तयार नव्हते. अडीच महिने मूर्तींचे डोळे आखले. शेवटची मूर्ती गेली आणि काल रोह्याची गाडी धरली. वाडीवर पोचले तर बा ओटीवर बसलेला. ज्या खांद्याला धरून मी तळ्यात पोहायला शिकले, तो खांदा म्हणजे नुसतं हाड. आत जाऊन रडले. त्याच्यासमोर नाही.

३० ऑगस्ट

भरतने शिफ्टवरून येताना चिलापी आणली. माझा सख्खा भाऊ, आणि मासा बाजारातून पिशवीत घालून आणतो! त्याच्या बायकोने, प्रतीक्षाने, छान झणझणीत कालवण केलं. बाने वास घेतला. "चिखल," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. ती बिचारी गोरीमोरी झाली.

भांडी घासताना मला म्हणाली, "ताई, मरळ गावली तर बघा ना. आजारी मानसाला तीच देतात." बघते की! भरतला गांडूळ धरायची किळस. म्हणजे जायचं मीच.

३१ ऑगस्ट

बाची काठी आढ्याला खोचलेली सापडली. दोरा कुजला होता. रोह्याहून नायलॉनचा तंगूस आणि दोन गळ आणले.

काठी हातात घेतली आणि सगळं आठवत गेलं. पावसाळ्यात गळाला बेडकी, थंडीत पिठाची गोळी, उन्हाळ्यात नुसते हात – ही बाची शाळा. थंडीत आम्ही उन्हाला पाठ देऊन बसायचो. मोरपिसाची काडी पाण्यावर उभी. बारकी दांडवण मासळी टोचायला लागली की काडी थरथरायची आणि मी घाई करायची! "थांब गो, खाऊ दे तिला." उन्हाळ्यात डबकी आटली की दगडाखाली हात घालून शिंगटी धरायची. तिचा काटा लागला की आई हळद लावायची माझ्या बोटाला आणि शिव्या द्यायची बाला. आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्या शिव्या ऐकायला मी आजही काटा लावून घेईन.

एक नियम मात्र सक्त. पिल्लांवरच्या मरळीला गळ दाखवायचा नाही. मरळ पिल्लं सोडून जात नाही, आणि जवळ काहीही आलं की भूक असो-नसो अंगावर धावते. म्हणून ती पटकन लागते. "आधी पानी बघ, मग गळ टाक." भरतने एकदा मुद्दाम टाकला, तर बाने त्याची काठी गुडघ्यावर मोडली होती. भरत त्यानंतर तळ्यावर आलाच नाही.

२ सप्टेंबर

दोन दिवसांत एक चिलापी. माझ्या तळव्याएवढी. आता तळ्यात सगळीकडे तीच झाली आहे. बा आज चहासुद्धा अर्धा प्याला.

४ सप्टेंबर

मरळ मिळाली. कसं लिहू?

सकाळी पाऊस थांबला होता. बेडकी लावली, कमळाच्या पानांतून टुणटुण ओढत आणली आणि – धप्प! पहिल्याच फेरीला. काठी वाकली, मी खाली बसले, दोन्ही पाय रोवून तिला चिखलावर ओढली. हातभर लांब! मी चक्क ओरडले. बेचाळीस वर्षांची बाई, एकटी, तळ्यावर नाचते आहे.

मग पाण्याकडे पाहिलं. पानांच्या फटीत तांबडा पुंजका वर आला, खदखदला, खाली गेला. परत वर. शेकडो पिल्लं. मी पाणी बघितलंच नव्हतं.

मरळ जिवंत होती. गळ ओठाला होता, काढून सोडायला एक क्षण लागला असता. सोडता आली असती, हे इथे लिहून ठेवते. बाचा खांदा आठवला. मी तिला पिशवीत घातली.

दुपारी

बा जेवला. वाटीभर कालवण, वर भात मागून घेतला! प्रतीक्षा पदराने डोळे पुसत होती. बाने विचारलं, "कुठं गावली?"

"नदीला."

काटे नीट बाजूला काढून ठेवत होता.

५ सप्टेंबर

तळ्यावर जाऊन आले. पुंजका दिसला, पण कालच्या निम्मासुद्धा नाही. चिलाप्या भोवती फिरत होत्या. खडे मारून हाकलल्या. किती वेळ मारणार!

बा सकाळी भाकरी जेवला.

६ सप्टेंबर

पुंजका दिसला नाही. दोन तास बसले.

८ सप्टेंबर

बा चालत बांधापर्यंत गेला. भरतने कंपनीतून फोन करून विचारलं, "खरंच चालला?" सगळे खूश आहेत. बाला खरं सांगावं असं दहा वेळा वाटलं. सांगितलं तर हा परत ताट सरकवेल, ही भीती. उद्या पेणला निघायचं आहे.

९ सप्टेंबर

पिशवी घेऊन निघाले तर बा वाटेपर्यंत सोडायला आला.

"वने, या दिसांत नदीला मरळ कधी लागते का गो? मला काय येडा समजतेस?"

मी मान खाली घातली. म्हटलं, "काठी मोड माझी."

"तू झालीस तवा तुझ्या आयला दूध नव्हतं. पाच दिस तू नुसती किंचाळत व्हतीस. तिला दूध यावं म्हनून मीपन पिल्लांवरचीच आनली. आयला तुझ्या शेवटपर्यंत सांगितलं नाय." मग माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "चल, गाडी चुकंल."