लाल दिव्यामागची चाळीस मिनिटं

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. आईला झोप लागते का? बाबांची काठी दाराआडून एवढ्यात हलवू नकोस.

फोन का उचलला नाहीस, असं तू विचारलंस. आम्ही प्रकाशाचे एकमेकांत गुंतलेले कण जोडीने, निम्मा उजेड आरपार जाऊ देणाऱ्या आरशावर सोडतो. दोघं अगदी एका क्षणी पोचले, तर एकाच बाजूने बाहेर पडतात, एकमेकांपासून फुटून दोन बाजूंना जात नाहीत. ते मोजायला मिट्ट काळोख लागतो. फोनचा उजेडही चालत नाही, म्हणून फोन बाहेर खणात होता.

मग तू ऑफिसात फोन केलास. वर्कशॉपचे मिस्त्रीकाका निरोप घेऊन धावत आले, पण प्रयोगशाळेच्या दारावर लाल दिवा होता. ते चाळीस मिनिटं बाहेर उभे राहिले. जाण्याआधी तेवढा वेळ बाबा मला हाका मारत होते, असं तू लिहिलंस.

वर्षभरात आला नव्हता इतका सुरेख आलेख त्या दुपारी आला. मी हसतच दार उघडलं आणि काकांना म्हणालो, "जमलं."

आईला मात्र लाइन लागत नव्हती, असंच सांग.

आणि काकांना बोल लावू नकोस. "मी आत यायला हवं होतं," असं ते रोज म्हणतात. दारावरची पाटी माझ्याच अक्षरात आहे. लाल दिवा असताना काहीही झालं तरी दार उघडू नये. त्यातल्या 'काहीही झालं तरी'खाली मीच दोन रेघा ओढल्या होत्या.

तुझा,
धाकटा