मी, नमुना क्रमांक एक

चि. सौ. धाकटीस थोरलीचे ओंजळभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? मलम चोळतेस की नुसतं उशाशी ठेवतेस? (तुझा स्वभाव मला माहीत आहे.) तुझ्या ह्यांचा खोकला थांबला असेल असं धरून चालते.

इकडे आनंदीआनंद आहे. आपली नात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गेली. विषय राजकीय संज्ञापन. हा शब्द तीनदा खोडला तेव्हा कुठे जमला, म्हणून यापुढे नुसतं ‘तो विषय’ लिहीन. पुढारी काय बोलतात आणि लोकांना काय ऐकू येतं, यामधल्या फटीचा अभ्यास, असं ती सांगते. फट एवढी मोठी आहे की त्यात दोन वर्षं जातात.

तर झालं काय, मी मटार सोलत होते आणि ती तिच्या गाईडबाईंशी फोनवर बोलत होती. (बाई भल्या आहेत, पण पलीकडून इतक्या ओरडतात की मग फोन कशाला, असं वाटतं.) ही म्हणाली, “एक नमुना घरातच आहे बाई, आजी. इमारतीत आणखी मिळतील.” मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. जिला कडेवर वाढवली, तिनं परक्या बाईला असं सांगावं? तिसऱ्या दिवशी तिनं समजावलं, की ज्या माणसाला प्रश्न विचारून अभ्यास करतात त्याला त्यांच्यात नमुना म्हणतात. कापडाचा दुकानदार आधी तुकडा दाखवतो ना, तसं. माझ्या कागदावर तर तिनं ‘नमुना क्रमांक एक’ लिहिलं होतं. धाकटे, चौथीत माझा नंबर शेवटून तिसरा. पहिला नंबर हा आयुष्यात पहिल्यांदा.

मग मीही हातभार लावायचं ठरवलं. रविवारी इमारतीची सभा होती. मी उभी राहून सांगितलं, की नातीला नमुने हवेत आणि आपली इमारत नमुन्यांनी भरलेली आहे. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लाजत असतील असं समजून मी चेअरमनसाहेबांकडे हात केला, “सुरुवात तुमच्यापासून करू. तुमच्यासारखा नमुना शोधून सापडायचा नाही.” तळमजल्यावरचा शिंपी इतका हसला की त्याच्या तोंडातली टाचणी पडली. (सभेला टाचणी कशाला आणली होती, देव जाणे.)

चेअरमनसाहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वळणावरचं बाकडं गायब. वर नोटीस, ‘ये-जा करण्यास अडथळा’. तुला ठाऊक आहे, मी तिसऱ्या मजल्यावर चढते ती त्या बाकड्याच्या भरवशावर. आठ दिवस झाले, खाली उतरलेली नाही. खिडकीतून भाजीवाला दिसतो, तोही वरून नुसतं टक्कल. मी चिठ्ठी पाठवली, ‘नमुना म्हटलं तो मान समजावा.’ त्यानं बहुतेक जास्तच बिघडलं.

शेवटी चेअरमनपदाला मीच उभी राहिले. बसायला मिळावं म्हणून उभं राहावं लागतं, असा हा प्रकार. नात मदत करत नाही. नमुन्यात आपण ढवळाढवळ करायची नसते म्हणे. वही घेऊन समोर बसते आणि मी शिंकले तरी टिपते. तिचं तिसरं प्रकरण माझ्यावरच झालंय. गाईडबाई खूश आहेत. मीही.

बाकी क्षेम. लहानांना पापे, मोठ्यांना जे शोभेल ते.

तुझी थोरली
(नमुना क्र. १)

ता. क. सहज आठवलं म्हणून विचारते. दुसऱ्या मजल्यावरचं तुझं बंद घर अजून तुझ्याच नावावर आहे ना? नऊ घरं माझ्याकडे, नऊ त्यांच्याकडे, आणि एकोणिसावं तुझं. बाहेरगावच्या सभासदाचं मत टपालानं चालतं. मतपत्रिका सोबत आहे. फुली माझ्या नावासमोर. (मी पेन्सिलीनं बारीक ठिपका दिलाय. फुली मारलीस की खोडून टाक.)

पुन्हा ता. क. नातीनं पत्र वाचलं. म्हणाली, “आजी, आधी तब्येत, मग हसवलंस, मग बाकड्यासाठी हळहळायला लावलंस, आणि मागणी शेवटी. हे आम्हाला अख्खं वर्षभर शिकवतात गं!” मला बाई कसंतरीच झालं. गुडघ्याचं मी खरंच विचारलं होतं. सविस्तर कळव. फक्त मतपत्रिकेवर लिहू नकोस, मत बाद होतं.