हैदराबादचा नारळ

८ जून, रविवार

दोन्हीकडे नाव लागलं. हैदराबादला स्पॅनिश, मुंबईला जर्मन. एकाच दिवशी. एवढे दिवस यादी लागत नव्हती म्हणून नखं खाल्ली, आता लागली म्हणून खातेय.

(यापुढे है. आणि मुं. एवढंच लिहिणार.)

है.ला २० तारखेच्या आत होकार कळवायचा. मुं.च्या अजून फेऱ्या आहेत, जुलैपर्यंत वेळ आहे. मुं.ला डोंबिवलीची आत्या आहे, तिचं घर आहे, तिच्या हातचे घावणे आहेत. है.ला कोणीही नाही. मला है.च हवंय. हे आत्ताच लिहून ठेवते, नंतर माझी मीच फिरायला नको.

आईला सांगितलं. ब्लाऊजला काजं करत होती. म्हणाली, "बरं झालं." तिचं 'बरं झालं' कशालाही असतं, गॅस सिलिंडर आला तरी बरं झालं.

बाबांना मेसेज टाकलाय. एकच टिक. जहाज पुढच्या बंदराला लागेपर्यंत एकच राहणार.

१० जून, मंगळवार

शेजारच्या कुंदाकाकू: "फॉरेनची भाषा शिकून काय करणार गो? फॉरेनात जाऊन भांडणार?" मी म्हटलं हो. आईने डोळे वटारले.

खरं कारण कुणाला सांगत नाही, कारण ते फारच बारकं आहे. बाबा सुट्टीवर आले की विहिरीत बादली सोडताना ओरडतात, "आरया!" मला वाटायचं तो आमच्या घरचाच शब्द. आठवीत मोबाईलवर स्पॅनिशचे धडे बघत होते तर तोच शब्द समोर आला. खाली सोड, म्हणून. आमच्या विहिरीवर स्पेनचा शब्द! (नंतर कळलं की तो पोर्तुगीजांकडून खलाशांकडे आणि खलाशांकडून बाबांकडे आला. असू दे.) त्या दिवसापासून डोक्यात किडा आहे. बाबा जहाजावर बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम. त्यांना पाच-सहा भाषांत "दोर सोड" आणि "जेवण कुठे" एवढं येतं आणि तेवढ्यावर त्यांची वीस वर्षं निघाली. मला त्याच्या पुढचं हवंय.

जर्मन पण चालेल. नाही, चालणार नाही.

१२ जून, गुरुवार

आईशी वाजलं. म्हणजे मी वाजले, ती ऐकत होती.

"हैदराबादला समुद्र तरी हाय काय?" हा तिचा मुद्दा. समुद्र काय करायचाय? भाट्याला समुद्राला लागून घर असून ती वर्षातून एकदा वाळूत पाय ठेवते, तेही पाहुणे आले तर.

मग मध्येच म्हणाली, "पावसात लाईट जाते तेव्हा मी कोणाशी बोलू?" आणि लगेच, "नाय, तसं काय नाय, मशीन आहे." शिलाई मशीनशी बोलणार म्हणे. मला हसू आलं आणि नंतर दुपारभर काही सुचलं नाही. बाबा वर्षातले आठ-नऊ महिने नसतात. मी गेले की घरात ती आणि ते मशीन. मुं.ला गेले तर निदान दोन शनिवारांआड येता येईल. हा हिशोब मला कळतो. कळतो म्हणून तर चिडचिड होते.

मग निर्णय झाला. आमच्याकडे होतो तसा. "देवाला विचारू."

गावी जाऊन कौल लावायचा. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची आधी पडली तर है.ला जा, डावीकडची पडली तर मुकाट मुं. मग ती प्रवेश परीक्षा दिली कशाला मी? तिथेच पाकळ्या लावायच्या होत्या.

पण आईपुढे बोलून उपयोग नाही. विहीर कौलाने खणली. तिचं लग्न कौलाने झालं. मी सहावीत असताना डावा आला म्हणून तिने बाबांना चांगलं जहाज सोडायला लावलं. बाबा सहा महिने घरी बसून रापणीची जाळी दुरुस्त करत होते. कोण काय काय बोललं, ही बाई हलली नाही.

१५ जून, रविवार

जाऊन आलो. हातखंब्यापर्यंत एसटी, पुढे रिक्षा.

नेमका माझा दुसरा दिवस, म्हणून मी देवळात नाही. बाहेर फणसाखालच्या चिऱ्यावर छत्री धरून बसले. माझ्या आयुष्याचा निकाल आत आणि मी बाहेर चपला राखत. पत्र्यावर पाऊस एवढा की गुरवकाकांच्या गाऱ्हाण्यातलं फक्त "व्हय म्हाराजा" कळत होतं. पुन्हा पुन्हा. बराच वेळ लागला. मी तीनदा उठले, तीनदा बसले.

आई बाहेर आली. चपला घालायला वेळ लावलान. मग म्हणाली, "उजवा दिलान."

मी तिला मिठी मारणार होते, पण शिवायचं नाही. नुसत्याच उड्या मारल्या. छत्री उलटी झाली.

परत येताना हातखंब्याला भजी खाल्ली. तिने खाल्ली नाही. मला वाटलं, मी जाणार म्हणून.

१६ जून, सोमवार

है.ला होकार कळवला!!! देव शहाणा आहे. मागचं सगळं बोलणं परत घेते.

संध्याकाळी बाबांचा व्हॉइस मेसेज. मागे वारा. "बाय, उजवा आला म्हणाली आई. मग आता काय काळजी नाय. हितं कालच एक जण माज्यावर ओरडला, कुइदादो, कुइदादो. मी दोन पावलं मागं झालो म्हणून वाचलो. चार वर्षांनी तू मला सांग त्याचा अर्थ." मी लगेच अर्थ कळवला, "सांभाळून." एकच टिक.

२४ जून, मंगळवार

आई आज जेवली नाही. विचारलं तर "मंगळवार." मंगळवार कधीपासून? "असाच." हिला उपास झेपत नाही, पित्त होतं. आजवर एकादशीलासुद्धा चहा-चपाती खाणारी बाई.

आणि आता प्रत्येक गोष्टीत सूचना. रस्ता ओलांडताना. गच्चीवर जाऊ नको. कुणाच्या गाडीवर बसू नको. पाणी उकळून. रात्रीचं बाहेर नाही. मी म्हटलं, "देवाने उजवा दिलाय ना, मग एवढी का घाबरतेस?" मशीनमधली सुई मोडली तिची. मला ओरडली.

२९ जून, रविवार

काय लिहू.

नारळ द्यायला गावी गेले. कौल लागला तर देवाला नारळ द्यायचा असतो, इतके दिवस कुणी नावच काढत नव्हतं, म्हणून मीच ठरवलं. आई म्हणाली नको, पाऊस आहे. मग म्हणाली रिक्षा मिळणार नाही. मग म्हणाली मी नंतर जाईन. मी मैत्रिणीची, शमिकाची, स्कूटर घेतली आणि शमिकाला मागे बसवून निघाले. शमिका बिचारी कॉमर्सची, तिला काही ठरवायचं नसतं.

देवळात गुरवकाका एकटेच. मला बघून म्हणाले, "काय गो, आवस नाय आली? बरी हाय ना? त्या दिशी लय वायट वाटून घेतलान तिना. दोनदा लावलाव कौल, दोनीदा डावाच दिलान देवान. तिसऱ्यांदा लाव म्हनत व्हती, मीच नको म्हटलं. पन बरा झाला. मुंबय काय लांब नाय. आत्या हाय तुजी."

मी हो म्हटलं. मुंबईला जाते म्हटलं. देवाच्या दारात.

नारळ तसाच परत आणला. नाही म्हणाला त्याचे आभार कसे मानायचे?

शमिका वाटेत विचारत होती काय झालं. मी म्हटलं चिखल उडाला डोळ्यात.

१ जुलै, मंगळवार

ती आज परत उपाशी.

माझा कौलावर विश्वास नाही. हे मी दहावीपासून सांगते. पाकळी ओली असते, वाळली की पडते. मग नारळ लपवला कशाला?

डावा आला म्हणून नवऱ्याला जहाज सोडायला लावणारी माझी आई. ती माझ्यासाठी देवाच्या नावाने खोटं बोलली. मला, बाबांना, सगळ्यांना. आणि आता एकटीच त्याच्याशी मिटवत बसलीय, मंगळवार देऊन. मला तिथे साधा ताप आला तरी ती म्हणणार नाही की साथ होती. म्हणणार, मी पाठवली. आयुष्यभर म्हणेल.

म्हणून मुं.? म्हणजे मग तिचं खोटं फुकट गेलं.

नारळ माझ्या बॅगेत तळाशी आहे. कपड्यांत गुंडाळून.

६ जुलै, रविवार

बाबांचा फोन लागला, चार मिनिटं. सहज विचारल्यासारखं विचारलं, डावा आला असता तर? बाबा म्हणाले, "तर नाय. डाव्यावर मी कधी जहाज धरलं नाय, तुला कशी पाठवीन?" मग रेंज गेली.

म्हणजे घरात आम्ही तिघं. त्यातल्या दोघींना माहीत आहे, आणि त्या दोघींतल्या एकीला माहीत नाही की दुसरीला माहीत आहे. डोकं भणभणतंय. अंगणात चकरा मारून शेवाळावर घसरले. आई धावत आली, पांढरीफटक. नुसतं खरचटलं होतं.

१४ जुलै, सोमवार

आई बॅग भरायला बसली. गुरुवारची गाडी. मी म्हटलं मी भरते. म्हणाली, "तू कोंबतेस." आणि तळातले कपडे काढून घडी घालायला लागली. मी बघत राहिले. थांबवलं नाही. मला थांबवायचं नव्हतं बहुतेक.

नारळ निघाला. शेंडी तशीच, कुंकू पण तसंच.

दोन्ही हातांत धरून फिरवून बघितलान.

"गुरव भेटला?"
"हो."
"काय सांगितलंस त्याला?"
"मुंबईला जाते म्हणून."

आणि ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. "म्हणजे आता दोघी खोट्या."

मी रडायला लागले. म्हटलं, तू असं का केलंस, तू तर त्याला विचारल्याशिवाय कोंबडी पण विकत नाहीस. ती माझा परकर घडी घालत होती. म्हणाली, "तू त्या फणसाखाली उठत होतीस, बसत होतीस. आतून दिसत होतं मला." मग म्हणाली, "तो गावचा देव. गावाची हद्द सांभाळतो. हैदराबाद त्याच्या हद्दीत येत नाय. त्याला काय माहीत तिथलं?"

"मग उपास कशाला धरतेस?"

परकराची घडी मोडलीन आणि परत घातलीन.

मी म्हटलं, मुं.ची शेवटची फेरी बुधवारी संध्याकाळपर्यंत आहे. अजून होऊ शकतं. नारळ उचलून देव्हाऱ्यात ठेवलान. "तू सुट्टीत येशील तेव्हा दोघी जाऊ आणि काय ते सांगू त्याला." कुठून येशील, ते बोलली नाही.

बॅग अर्धी भरून तशीच पडलीय. मुं.चा फॉर्म मोबाईलवर उघडून बंद केला, दोनदा. दोघी येता-जाता नारळाकडे बघतो.

उद्या मंगळवार. उद्या मीही जेवणार नाही. तिला सांगितलेलं नाही.